बेदाणा भिजवला म्हणून द्राक्ष होत नाही: स्वयंपाकघरातले भौतिक आणि रासायनिक बदल घरच्या घरी कसे ओळखायचे

धाकटीला शाळेतनं प्रोजेक्ट आला होता, "अन्न तयार करताना आणि खाताना होणारे भौतिक व रासायनिक बदल", वहीत दोन रकाने आखायचे आणि वीस उदाहरणं लिहायची. पोरीनं दहा मिनिटात उरकलं. भाजी चिरणे भौतिक, भात शिजणे रासायनिक, साखर विरघळणे भौतिक, दूध नासणे रासायनिक, चला झालं, मोबाईल दे. मी तेव्हा ओट्यापाशी कांदा चिरत होते, म्हणलं थांब जरा, हा कांदा कुठल्या रकान्यात? म्हणे भौतिक, नुसता आकार बदलला. मग माझ्या डोळ्यातनं पाणी का यायलंय?

तिथनं जे सुरू झालं ते चार दिवस चाललं, सासूबाईपण त्यात उतरल्या. त्यातनं जे हाताला लागलं ते ओळीनं लिहितीय. कुणाच्या पोराला असलाच प्रोजेक्ट असेल तर उपयोगी पडेल, आणि नसला तरी ढोकळ्यावर लाल ठिपके का पडतात, सादळलेलं परत कुरकुरीत होतं पण खवट झालेलं का होत नाही, हे कळलं तर रोजच्या कामालाच येतं. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि आता सांगलीत विश्रामबागेत घरातनं भडंग करून विकते, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं एवढंच.

पायरी १: "उलट करता येतं का" हा नियम आधी डोक्यातनं काढा

पोरं पाठ करतात, बदल उलट करता आला की भौतिक, नाही आला की रासायनिक. बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ, तिथवर ठीक आहे. पण हा नियम आपल्या सांगलीतच मोडतो, आणि मोडतो तोपण आपल्या दोन नावाजलेल्या मालावर, बेदाणा आणि हळद. (बेदाण्याला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं, हळदीला २०१८ ला.)

बेदाणा घ्या. तासगाव भागात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं, मग शेडमध्ये रॅकवर सावलीत पंधराएक दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षाचा साधारण किलोभर बेदाणा. गेलं काय, तर पाणी. साखर तीच, आंबटपणा तोच, फक्त घट्ट झाला. म्हणजे मुख्य बदल भौतिक. आता तो रात्रभर पाण्यात टाका, फुगेल टम्म, पण द्राक्ष होईल का? नाही होणार. भौतिक असून परत येत नाही. तसंच पीठ. गिरणीतनं ज्वारी दळून आणली, परत दाणा करून दाखवा.

आता हळद. हळदीच्या पाण्यात खायचा चुना टाकला की लालभडक होतं, रासायनिक बदल, शंकाच नाही. त्यात लिंबू पिळा, परत पिवळं. रासायनिक असून परत आलं.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: आधी नव्हता असा नवीन पदार्थ तयार झाला का? झाला तर रासायनिक. तेच रेणू राहिले आणि फक्त आकार, पातळ-घट्टपणा, पाणी किती, मिसळलंय का वेगळं झालंय एवढंच बदललं तर भौतिक. नवीन पदार्थ डोळ्याला दिसत नाही हा घोळ आहे, म्हणून खुणा बघायच्या: नवा वास, नवी चव, नवा रंग, गॅस. आणि प्रत्येक खूण फसवते हेपण लक्षात ठेवायचं. उकळत्या पाण्यातपण बुडबुडे येतात आणि सोड्यावर लिंबू पिळलं तरी येतात, पहिली नुसती वाफ, दुसरा नव्यानं तयार झालेला कार्बन डायऑक्साइड.

पायरी २: सामान काढून ठेवा

लांबचं काही लागत नाही. हळद, खायचा सोडा, पानाला लावायचा चुना चिमूटभर, दोन लिंबं, मूठभर चुरमुरे, दूध, विरजण, भाताची पेज, एक कांदा, एक वांगं. ग्रॅमचा डिजिटल काटा असला तर फार बरं. मेडिकलमधनं जखमेला लावायचं आयोडीनचं तपकिरी औषध, पोव्हिडोन आयोडीन म्हणून मागा. चुना आणि आयोडीन मोठ्या माणसानं हाताळायचं, चुना डोळ्यात गेला तर वाईट. आणि आयोडीन घातलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, त्यासाठी वेगळे जुने ग्लास काढून ठेवा.

पायरी ३: चुरमुऱ्यांपासून सुरुवात करा, सगळ्यात सोपं

काट्यावर ५० ग्रॅम चुरमुरे मोजा, ताटात पसरून रात्रभर उघडे ठेवा. पावसाळ्यात केलं तर उत्तम, आमच्याकडं जुलैत केलं तर सकाळी दोन-तीन ग्रॅम वाढले होते. खाऊन बघा, चामट. हे सादळणं, म्हणजे हवेतलं पाणी चुरमुऱ्यानं ओढून घेतलं, नवीन काही तयार झालं नाही. आता कढई मंद आचेवर तापवा, चार-पाच मिनिटं हलवत भाजा, ताटात पसरून पूर्ण गार करा, परत मोजा. वजन खाली येतं आणि कुरकुरीतपणा परत येतो. गार व्हायच्या आत डब्यात भरू नका, वाफ आतच राहते आणि परत सादळतात, हे निम्म्या बायका चुकतात आणि मग चुरमुऱ्याला नावं ठेवतात.

आता याच्या शेजारी खवट शेंगदाणे ठेवा. घरात नसतील तर आनंद आहे, नसतील तर करायला नको, आठवा नुसता तो वास. तेलाचा हवेशी संबंध येऊन ते तुटतं आणि नवे, वेगळ्या वासाचे पदार्थ तयार होतात. रासायनिक. हे भाजून जात नाही. मला हे पुस्तकातनं नाही, नुकसानीतनं कळलंय. धंद्याच्या पहिल्या वर्षी शेंगदाणे जरा वास मारत होते, म्हणलं परत तळते आणि लसूण, तिखट जास्त घालते, कळणार नाही. चार किलोचं भडंग केलं आणि पहिल्याच गिऱ्हाईकानं पुडी परत आणून दिली, बोलला काही नाही बिचारा. सगळं टाकून दिलं.

तर भडंगाचा डबा उघडल्यावर ठरवायचं असं: नुसतं मऊ पडलंय, वास चांगलाय, तर भाजा. वास बदललाय तर भाजायला गॅस घालवू नका. आणि खवटपणा लांबवायचा असेल तर उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हीपासनं लांब, म्हणजे अंधाऱ्या फडताळात, तोंडापर्यंत भरलेला डबा. अर्धा रिकामा मोठा डबा म्हणजे आत अर्धा डबा हवा.

पायरी ४: हळदीचा प्रयोग, हा पोरांना सगळ्यात आवडतो

तीन पांढऱ्या वाट्या. प्रत्येकीत अर्धी वाटी पाणी आणि पाव चमचा हळद. पहिली तशीच ठेवा. दुसरीत लिंबू पिळा, फार फरक दिसणार नाही. तिसरीत सोडा घाला, रंग नारिंगी-तांबूस व्हायला लागेल, आणि चुन्याची कणी घातली तर एका क्षणात लाल. हळदीतलं रंगाचं द्रव्य कुरक्युमिन, त्याचा रेणू अल्कधर्मी (आंबटाच्या उलट, सोडा-चुन्यासारख्या) पाण्यात बदलतो, म्हणून रंग बदलतो. आता तिसरीत थेंब थेंब लिंबू पिळत जा, एका टप्प्याला लाल जाऊन परत पिवळं दिसतं, आणि सोडा असेल तर फसफसतं पण.

सासूबाई मागं उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या यात काय नवीन, कुंकू असंच तर करायचे. खरंय, पारंपरिक कुंकू हळदीलाच अल्कधर्मी काहीतरी लावून लाल करतात. आणि रोजचं उदाहरण म्हणजे पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग, साबण लावला की लाल होतो आणि घाबरायला होतं, भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा. तो डाग घासत बसू नका, ओला शर्ट कडक उन्हात घाला, उन्हानं कुरक्युमिन तुटून रंग उडतो. हा मात्र परत न येणारा रासायनिक बदल आणि आपल्या फायद्याचा. उलट हळद पावडर काचेच्या बरणीत खिडकीत ठेवली की तोच तोटा. हरिपूरला हळद पूर्वी जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं ठेवायचे, तिथं उजेडाचा प्रश्नच नव्हता.

आता ढोकळा. वर लाल ठिपके येतात ते भेसळीचे नसतात. पिठात हळद घातलेली असते, सोडा नीट विरघळलेला नसतो, जिथं सोड्याची गाठ राहिली तिथं हळद लाल झाली, तिसऱ्या वाटीचाच प्रकार. उपाय: ढोकळ्याला हळद चिमूटभरच घाला, सोडा चाळून घ्या, चमचाभर पाण्यात विरघळवून मगच पिठात ओता, एकाच दिशेनं भराभर हलवा आणि लगेच उकळत्या भांड्यावर चढवा. लगेच का, तर सोडा आणि आंबटाची गाठ पडली की गॅस सुटायला सुरुवात होते, तो काय तुमच्यासाठी थांबत नाही. शेजारीण दाराशी बोलायला आली म्हणून पीठ दहा मिनिटं तसंच राहिलं तर ढोकळ्याची वडी होते. गॅस तयार होणं रासायनिक, तो तापून फुगणं आणि पिठाला जाळी पडणं भौतिक, आणि हे दोन्ही एकाच थाळीत.

पायरी ५: एक लिटर दूध घ्या आणि तुपापर्यंत जा

याला तीन-चार दिवस जातात पण एका भांड्यात सगळा धडा आहे. आमच्या सासूबाई वाळवा तालुक्यातल्या, घरी म्हशी होत्या, त्यामुळं या पायरीला मी बाजूला आणि त्याच गुरुजी.

दूध तापवा. वर साय धरते, खालची वाफ सायीखाली कोंडते आणि दूध उतू जातं. हे उतू जाणं भौतिक. (सायीत थोडी प्रथिनं उष्णतेनं उलगडून एकमेकांत अडकतात, ते मधल्या प्रकारातलं, त्याबद्दल पुढं लिहिलंय.) कोमट झालं की विरजण लावा. बोट बुडवल्यावर चटका बसला नाही पाहिजे पण गारपण नको, जास्त गरम असलं तर विरजणातले जिवाणू मरतात. हे जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, आम्ल वाढलं की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. कालचं गोड आज आंबट, नवीन पदार्थाचा पुरावा जिभेवरच आहे. शुद्ध रासायनिक.

सायीचं दही साठलं की घुसळा. इथं धाकटीनं पटकन रासायनिक लिहिलं, कारण दह्यातनं एकदम वेगळंच दिसणारं लोणी बाहेर आलं. सासूबाईंनी तिला थांबवलं, म्हणाल्या, "अगं बाळा, डेअरीत फॅट लागते ती हीच की, आधीपासनं दुधातच होती, आपण नुसती गोळा केली." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. बारीक बारीक थेंब विखुरलेले असतात, घुसळल्यानं त्यांचं आवरण फुटतं आणि ते एकमेकाला चिकटतात. भौतिक. म्हणूनच उन्हाळ्यात लोणी येत नाही तेव्हा बर्फाचं पाणी घालतात, चरबी मऊ पडलेली असते ती घट्ट व्हायला पाहिजे.

आता लोणी कढवायचं, आणि इथं डोळ्यापेक्षा कान लावा. सुरुवातीला तडतड, चुरचुर मोठ्यानं चालू असते, ते लोण्यातलं पाणी उकळून जातंय, भौतिक. पाणी आहे तोवर तूप फार तापत नाही, सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते. मग आवाज हळूहळू बसतो, फेस बारीक होतो, आणि एका क्षणी जवळजवळ शांत. तेव्हाच वास बदलतो. पाणी संपलं, आता तापमान सरसर वर जातंय आणि खाली राहिलेली दुधातली प्रथिनं आणि साखर मिळून तांबूस व्हायला लागलीत, तीच बेरी. हे रासायनिक, आणि तुपाचा खमंगपणा सगळा यातनंच येतो. शांत झाल्यापासनं बेरी काळी पडेपर्यंत फार वेळ मिळत नाही, तेव्हा फोन आला तर घेऊ नका. आमच्या घरात या मिनिटाला कुणी कुणाशी बोलत नाही.

प्रथिनं आणि साखर मिळून तांबूस होण्याच्या या क्रियेला मेयार क्रिया म्हणतात, लुई-कामिय मेयार या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये मांडली. साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे हीच क्रिया मुद्दाम पुढं नेलेली. दूध आटवून खवा करेपर्यंत मुख्यतः पाणी उडवणं, मग तो खवा भाजत भाजत तांबूस करायचा, वास आणि चव दोन्ही बदलते. पांढरा पेढा आणि कंदी पेढा शेजारी ठेवा, पोरांना चाखायला द्या आणि मग विचारा नवीन काय तयार झालंय. प्रयोगाला यापेक्षा जास्त उत्साह कशालाच मिळत नाही.

पायरी ६: भाकरी, आणि तिसरा रकाना

भाकरी थापताना बघा. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून आधणाचं पाणी घालून मळतो. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. आता हा कुठल्या रकान्यात? रेणू तोच, पण कणाची आतली रचना मोडली, परत कोरडं पीठ होत नाही. अंड्याचंपण तसंच, पांढरं साधारण ६० अंशांच्या पुढं घट्ट व्हायला लागतं, प्रथिनाची साखळी तुटत नाही, उलगडते आणि गुंता होतो. शाळेच्या पुस्तकात शिजणं सरळ रासायनिक धरतात, परीक्षेत तेच लिहा, मार्क घालवू नका. पण खरं सांगायचं तर यावर जाणकारांतपण एकमत नसतं. म्हणून आम्ही वहीत तिसरा रकाना आखला, "दोन्ही / मधलं". बाईंना चालतो का ते आधी विचारून घ्या.

भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली की फुगते. फुगणं वाफेचं, भौतिक, भोक पडलं की वाफ निघून जाते आणि भाकरी बसते. वर तांबूस डाग पडतात ते मेयार, रासायनिक. आणि काळं पडलं म्हणजे करपलं, आता कोळसा व्हायला लागला. खरपूस आणि करपलेलं यात फरक एवढाच की पहिलं आपण मागून घेतो.

कुकरच्या शिट्टीबद्दल थोडक्यात. पाणी किती अंशाला उकळतं हा भौतिक मामला, कुकरात दाब वाढल्यामुळं १२० अंशांपर्यंत जातं म्हणून डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वरला, १३०० मीटरच्या वर, पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं उघड्या पातेल्यात डाळ घालून बसलात तर बसाल. आणि कुठंही असा, चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात डाळीच्या पेशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही, दाणा कडक राहतो, मग आपण दुकानदाराला शिव्या देतो.

पायरी ७: चिरणं नुसतं चिरणं नसतं

आता कांद्यावर येऊ. सुरी फिरली, तुकडे झाले, भौतिक, धाकटीचं बरोबर. पण कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यात असतात, एक गंधकाचा पदार्थ आणि एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. सुरीनं कप्पे फुटले की दोघं भेटतात आणि डोळ्याला झोंबणारा नवा वायू तयार होतो. रासायनिक. अख्खा कांदा हातात धरून रडायला येत नाही यातच पुरावा आहे. धारदार सुरीनं कमी पेशी चिरडतात, आणि फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवलेला कांदा कमी झोंबतो कारण गारठ्यात क्रिया मंदावते. लसणाचं तेच, अख्ख्या पाकळीला फार वास नाही, ठेचली की घरभर. भडंगाला मी लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवते आणि मगच तेलात टाकते, लगेच टाकला तर गरम तेलात एन्झाइम मरतं आणि वास पूर्ण येत नाही.

कृष्णाकाठचं वांगं चिरा, चार फोडी हवेत, चार मिठाच्या पाण्यात, चार लिंबू पिळलेल्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी बघा. हवेतल्या काळ्या पडल्या, एन्झाइम आणि ऑक्सिजन मिळून नवा तपकिरी रंग तयार झाला. पाण्यात हवा कमी पोचते, आंबटात एन्झाइम मंद होतं.

कोशिंबिरीला मीठ घातल्यावर पाणी सुटतं ते भौतिक, म्हणून मीठ वाढायच्या वेळी घालायचं. मोहरी तडतडते ती आतल्या वाफेनं फुटते, तेपण भौतिक. मटकी भिजवून फुगते ते भौतिक, पण मोड येतात तेव्हा आत साठलेल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, ते रासायनिक. आणि पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, आंबट आणि तांबं-जस्त यांची क्रिया होऊन चव बिघडते आणि पोटालापण वाईट. आतनं कल्हई करतात ती यासाठीच. कळकणं हा एकच शब्द किती मोठी केमिस्ट्री सांगतो बघा, आणि तो म्हातारीला माहीत असतो, कॉलेजच्या पोराला नसतो.

पायरी ८: आता खा, आणि खाताना लक्ष द्या

भाकरीचा कोरडा तुकडा घ्या, भाजी नको, आणि गिळायचं नाही, दीड-दोन मिनिटं नुसता चावत राहा. आधी पिठूळ, मग हळूहळू गोडसर. दातानं बारीक केलं ते भौतिक, लाळेतल्या अमायलेज एन्झाइमनं स्टार्चची माल्टोज साखर केली ते रासायनिक, दोन्ही एकाच घासात चालू.

पुरावा पाहिजे तर आयोडीन काढा. भाताची पेज भरपूर पाणी घालून अगदी पातळ करा, घट्ट ठेवली तर प्रयोग फसतो, आमचा पहिल्यांदा त्यानंच फसला. दोन जुन्या ग्लासात दोन-दोन चमचे घाला. एकात चमचाभर लाळ, एकात चमचाभर पाणी. दोन्ही ग्लास कोमट पाण्याच्या भांड्यात वीस मिनिटं ठेवा, अंगाला लागेल एवढंच कोमट. मग दोन्हीत एक-एक थेंब आयोडीन. पाणी घातलेला निळा-काळा होतो, म्हणजे स्टार्च आहे. लाळेचा तपकिरी किंवा फिकाच राहतो, स्टार्च गेला. जमलं तर तिसरा ग्लास करा, लाळ आधी उकळून गार केलेली, तो परत निळा होतो कारण उकळल्यावर एन्झाइम मेलं. हा तिसरा ग्लास बघून पोरीचा चेहरा बदलला, वीस उदाहरणं लिहून बदलला नव्हता.

पुढं पोटात. पोट घुसळतं, भौतिक. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सीन नावाचं एन्झाइम प्रथिनं तोडतात, रासायनिक. हे कसं कळलं ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८२२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात गोळी लागली, तो वाचला पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम ब्यूमाँट हा डॉक्टर दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातनं आत सोडायचा आणि थोड्या वेळानं बाहेर काढून बघायचा. जठरातला रस काढून बाटलीत कोमट ठेवला तर त्यात मांस बाहेरपण विरघळत होतं, म्हणजे घुसळण नसतानाही. पचन नुसतं दळणं नाही हे त्यातनं पक्कं झालं, त्याचं पुस्तक १८३३ मध्ये आलं. सेंट मार्टिनला काय वाटत असेल, त्याचा विचार मी जास्त करते.

एक सापळा सांगून ठेवते, परीक्षेत हमखास चुकतो. पित्तरस. आपण छातीत जळजळलं की "पित्त झालं" म्हणतो, ते जठरातलं आम्ल असतं. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि लहान आतड्यात येतो, आणि तो तेलाला रासायनिक तोडत नाही, फक्त मोठ्या थेंबाचे बारीक थेंब करतो. भौतिक. घरी बघायचं तर पाण्यात चमचाभर तेल टाका, तवंग राहतो, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून हलवा, दुधासारखं गढूळ होतं. तेल गेलं नाही, बारीक झालं. मग त्या बारीक थेंबांवर लायपेज नावाचं एन्झाइम काम करतं, ते रासायनिक. आणि जळजळीला सोडा पिऊन ढेकर येते ती ढोकळ्याचीच क्रिया, फक्त थाळी वेगळी. रोज पिऊ नका तेवढा, डॉक्टरला दाखवा.

पायरी ९: वहीत उतरवताना

दोन रकाने पुरत नाहीत. आम्ही असं लिहिलं: काय केलं, काय दिसलं, नवीन पदार्थ झाला का, कशावरनं म्हणता, आणि शेवटी रकाना. "कशावरनं" ला मार्क मिळतात, नुसतं भौतिक-रासायनिक तर नाणं उडवूनपण निम्मं बरोबर येतं. एका पदार्थाला एकच शिक्का मारायची घाई करू नका, पदार्थ तोडा: भाकरी नाही, तर दळणं, मळणं, फुगणं, डाग पडणं, चावणं, असे पाच वेगळे. वीस उदाहरणं दोन पदार्थांतच भरली आमची.

आवरताना आयोडीनचे ग्लास वेगळे धुवा. आमच्या ओट्यावर थेंब सांडले आणि पेजेवर पडून निळा-काळा डाग पडला. व्हिटॅमिन सी ची चोखायची गोळी पाण्यात कुस्करून त्यावर ओतली की रंग बघता बघता जातो. धाकटीनं वही बंद केली होती, डाग जाताना बघितला आणि परत उघडली.